पुरवणी पान

बँकेच्या अर्जात यंदा नवा रकाना आला:
परिसरातील जैवविविधता.
दोन बोटं रुंद. वर वजनकाट्याचा तपशील,
खाली विमा.
प्रल्हादशेठ वाघुळदे, केळी पिकवण केंद्र, सावदा,
म्हणाले, टाक निरंक.
मी टाकलं. इथला हिशेब मीच लिहिते, नऊ वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी शटर अर्धंच वर होतं, तेव्हाच आले,
डोळे तांबारलेले.
“ताई, काल आपून खोटं लिह्यलं.
मांगच्या चिंचीवर काय लटकेल आहे मंग?”

झाडांवर प्रेम वगैरे नाही त्यांचं.
बांधावरचा निंब त्यांनीच पाडला,
ट्रक वळत नव्हता, आणि त्या दुपारी जेवण चुकलं नाही.
पण काट्यावर माशी बसली
तर ती उठेपर्यंत थांबणारा माणूस.
वहीत चुकीचं शून्य
म्हणजे घरात साप.

सांजच्याला खुर्च्या टाकून बसलो.
उकाडा असा, की क्रेटचं प्लास्टिक वास मारत होतं.
सातपुडा निळा व्हायला लागला
आणि चिंचेतून पहिलं वाघूळ सुटलं.
शेठ भिंतीवर खडूनं ओढत गेले
चार उभ्या, एक आडवी,
क्रेट मोजतात तशाच.
दोनशे बाराला झाड रिकामं.
“आडनाव वाघुळदे,” मान चोळत म्हणाले,
“आन् मी पह्यल्यांदा वर पाहून ऱ्हायलो.”

मग थांबेचनात.
सडक्या फण्यांवर मधमाश्या. मी लिहिलं, पुष्कळ.
पुष्कळ हिशेबात चालत नाही. खोडून, अंदाजे चारशे.
पंपाच्या पेटीत पाल, अंडी दोन.
गटारीपाशी मुंगूस; कालचंच की दुसरं
यावर अर्धा तास.
सुभान तडवीनं तीन पाखरांची नावं सांगितली,
पाड्यावरची, ती तशीच उतरवली.
चौथं त्यालाही ओळखेना.
तिथे लिहिलंय: नाव माहीत नाही. हजर.
रकान्यात मावलं नाही, पुरवणी पान जोडलं.

तिसऱ्या चेंबरचा नकाशा टेबलावर पडून आहे.
भिंत चिंचेतून जाते.
कंत्राटदार दोनदा येऊन गेला.
सहा फूट सरकवली तर किती, शेठ विचारतात.
मी सांगते, एक लाख ऐंशी.
ऐकतात. लिहू देत नाहीत.

काल कुलूप लावताना पुन्हा खडू काढला.
दोनशे नऊ.
“तीन कुठी गेले?”
असं विचारलं, जणू गेटवर मीच होते
आणि पावती न फाडता
सोडलं त्यांना.