अडुसष्ट

प्रभंजन वैती दारातूनच बोलत आत येतो,
"ताई, शहात्तरची सहासष्ट करून द्या."
काखेत पुली, फडक्यात गुंडाळलेली,
आजारी कोंबडी डॉक्टरकडे न्यावी तशी.

रबाळे एमआयडीसी, तांडेल टर्निंग वर्क्स,
मे महिन्याची दुपार, पत्र्याखाली एकेचाळीस.
मी कॅलिपर लावते. शहात्तर पूर्णांक शून्य दोन.
भिंत जाड आहे, जमेल.
खाचा सगळ्या नव्यानं पाडाव्या लागतील.

"एकदम दहा मिलिमीटर?"
"क्रँकची एकशे पासष्ट आहे. भागून बघा ना."
भागते. लाइटबिलाच्या पाठीवर.
इंजिन साडेसहा हजारांवर असताना
सुपरचार्जर आज फिरतो चौदा हजार शंभर,
सहासष्टवर सव्वासोळा हजार.
"आणि कंपनीनं किती सांगितलंय?"
तो पंख्याकडे बघतो.
"सोळा."

पट्टा तोच, क्रँक तीच,
लहान चाकाला फेऱ्या जास्त.
हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नाही.
घणसोलीच्या घरात पाच जावा,
आई सगळ्यांत धाकटी.

लेथ बाबांनी शिकवली.
म्हणायचे, काढलेला धातू
उधारीवरसुद्धा परत मिळत नाही.
म्हणून मी सत्तरवर थांबते.
रॉकेलचा वास, बोटांना चिकटलेला चंदेरी कीस.
"आधी ही लावून बघ."

तुर्भ्याला डायनो आहे, रात्री आठनंतर स्वस्त.
त्याची राखाडी सेडान, सतरा वर्षांची,
रोलरवर चारी बाजूंनी बांधलेली.
शहात्तरवर चाकांना मिळत होते दोनशे एकवीस घोडे,
सत्तरवर दोनशे एकोणचाळीस.
रेषा शेवटपर्यंत चढती, कुठे अडखळली नाही.
मी असते तर तिथेच बोनेट लावून
घरी जाऊन जेवले असते.

तो सकाळी नऊला परत.
तीच पुली, तेच फडकं.
"आता सहासष्ट."
मी एकदाच विचारते. दोनदा विचारायचे पैसे मी घेत नाही.

रात्री दोनशे चौतीस.
तो स्क्रीनजवळ जातो, चष्मा पुसतो, परत वाचतो.
चौतीसच.
पाच हजार आठशेच्या पुढे बूस्टनं मान टाकलेली.
लहान पुलीला पट्ट्याची मिठीही लहान,
तो घसरत होता, पुलीभोवती काळी पूड.
आत जाणारी हवा अठ्ठ्याहत्तर अंशांवर,
आणि सिलिंडरमधून तडतड,
फोडणीत मोहरी टाकून कुणी झाकण ठेवायला विसरावं तशी.
कॉम्प्युटरनं घाबरून ठिणगी मागे ओढली.
डायनोवाल्या इक्बालभाईंनी हात वर केला,
"बस्स. तिसरी रन नाही."

परतताना गाडीत कुणी बोललं नाही.
पाम बीचचे दिवे, खिडक्या उघड्या,
तो कधी नव्हे तो साठच्या आत.
नेरूळच्या सिग्नलला म्हणाला,
"ताई, अडुसष्ट?"

"सत्तर बरी होती."
"बरी म्हणजे काय?"
याला माझ्याकडे उत्तर नाही.
खरं तर बेचाळीस वर्षांत नव्हतं.

पंधरा हजार सातशे बहात्तर.
बसतंय सोळाच्या आत,
रिकाम्या बसमध्ये दारालाच उभं राहावं तसं.
पण सहासष्टमधून अडुसष्ट निघत नाही.
नवा गोल बार लागेल, तुकडा बाराशेचा,
शिवाय पट्ट्याला एक जादा आयडलर,
मिठी थोडी वाढेल.
तो पाकीट काढतो, मोजत नाही.

चकमध्ये नवा तुकडा. लेथ चालू.
पंचाहत्तर. बहात्तर. सत्तर.
सत्तरवर माझा हात आपोआप सैल पडतो.
तो मागे उभा, श्वास रोखून,
"अजून" म्हणायला तोंड अर्धं उघडलेलं.
एकोणसत्तर.
अडुसष्ट पूर्णांक तीन.

मी मशीन बंद करते.
"झालं?"
जा, दोन कटिंग सांगून ये.
धातू तापलाय,
आत्ता मोजला तर मोठा दाखवेल.