कागद संपल्यावर

विट्याच्या ग्रामीण रुग्णालयात
पहाटे पावणेतीनला मशीनचा कागद संपला.
नवा रोल कपाटात, किल्ली नदाफभाऊंकडे,
नदाफभाऊ खानापुरात, गाढ.

हर्षला, तेवीस वर्षं, पहिलटकरीण.
पोटावर दोन पट्टे, दोन चकत्या.
वरची कळ मोजते, खालची बाळाचे ठोके.
शिकाऊ पोरी म्हणतात, वरची डोंगर काढते.
मला कधी डोंगर दिसले नाहीत.
मला शिलाई दिसते,
आणि कुठे उसवली तेवढंच.

दोन वाजता उसवली होती.
कळ ओसरली तरी ठोके खालीच. शंभर. अठ्ठ्याण्णव.
मग रुसलेल्या पोरासारखे, सावकाश वर.
डाव्या कुशीवर हो गं, म्हटलं, आणि मॅडमना फोन.
निघालेच, म्हणाल्या, तोवर लक्ष सोडू नका.

आता कागद नाही, पण आवाज आहे.
केसपेपरच्या पाठीवर मी आकडे लिहिते,
दुसरा हात पोटावर.
कळ तिच्या कपाळावर उमटायच्या आधी
माझ्या तळव्याला कळते:
पोट कणकेचं होतं, मग लाकडाचं.
दहा मिनिटांत चार.

सासू, शालनमावशी, दर वेळी विचारते, किती?
एकशे अडतीस.
आकड्यातलं तिला काही कळत नाही.
ती माझं तोंड वाचते,
म्हणून मी तोंड कोरं ठेवते.

उशाशी फोन चालू. पलीकडे धनाजी,
कोइमतूरला, गलाईच्या दुकानात.
राखेतनं सोनं काढणारा माणूस,
गुंजेगुंजेचा हिशेब ठेवणारा,
विचारतो, सिस्टर, एवढं जोरात का पळतंय?
पळू दे, म्हटलं.
हळू झालं की मला भीती वाटते.
तो गप्प. बहुतेक तोही मोजायला लागला.

सव्वातीनला मॅडम आल्या, केस तशाच, एक चप्पल वेगळी.
आकड्यांवरनं बोट फिरवलं,
काही बोलल्या नाहीत, हातमोजे मागितले.

चारला दहा कमी असताना
मी पट्टे सोडले, मशीनचं बटण दाबलं.
खोलीतला तो टापांचा आवाज तुटला
आणि फोनमधून धनाजी ओरडला,
बंद का झालं? सिस्टर! बंद का झालं?

कुणाचाच हात मोकळा नव्हता.
शालनमावशी फोनकडे नुसती बघत होती,
कुठलं बटण दाबायचं तिला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात पोरीनंच उत्तर दिलं.