ओल आणि ओळ

सावंतवाडीच्या यष्टीतून खोकं उतरतं.
कंडक्टर विचारतो, "मास्तर, औषधां काय?"
मी मान हलवतो. वजनाचा वाद नको.
सुतळी दातांनी सोडायची माझी जुनी खोड.
आत मराठी बायबलं चाळीस, कन्नड सहा,
रोमी लिपीतली कोंकणी दहा, त्यातली दोन तळाशी दुमडलेली,
एक तेलुगू, कुणी मागवलं ते आठवत नाही,
आणि तीन नेपाळी,
आंब्याच्या राखणदारांसाठी.

वेंगुर्ल्याच्या हवेत कागद कागद राहत नाही,
आषाढात पाव होतो.
पानं फुगतात, शिवण सुटते,
कसर एखाद्या संदेष्ट्याला मधोमध भोक पाडून
पलीकडे कुठल्याशा राजाच्या वंशावळीत निघते.
म्हणून दिवाळी झाली की अंगणात
सुकत घातलेल्या बांगड्यांपासून चार हात लांब
मी सगळ्या भाषा उन्हाला मांडतो.
बायको म्हणते, चार हात पुरत नाहीत.
खरं आहे. गेल्या साली एक कन्नड प्रत
कारवारच्या खलाशाने आधी हुंगली,
मग पैसे मोजले.
म्हणाला, घरची वाटते.

तीस वर्षं सायकलवरून वाटली पुस्तकं.
शिरोडा, उभादांडा, निवती.
कुणी दारातून हाकललं, कुणी गूळपाणी दिलं,
एकदा दोन्ही एकाच घरी.

उभादांड्याचा इनास ब्रिटो
रापण ओढून तसाच यायचा,
ओल्या हातांनी पान धरायचा.
एकदा ओळीवर बोट ठेवून म्हणाला,
"मास्तरानू, हयसर नुसता 'जाळा' लिवलाहा.
खयचा पण? पाग? कांडाळ? रापण?
पाग आसात तर माणूस एकटो.
रापण आसात तर अख्खो गाव."
मी मंडळीच्या छापखान्याला पत्र टाकलं.
चार महिन्यांनी उत्तर आलं:
प्रश्न महत्त्वाचा आहे, पुढील आवृत्तीच्या वेळी विचार करू.
पुढील आवृत्ती निघाली तेव्हा
इनासच्या क्रुसावरचा चुना दोनदा देऊन झाला होता.
त्या ओळीत अजून
जाळंच आहे.

काल लौटन चौधरी आला,
मठच्या बागेवर असतो,
कमरेला बॅटरी, खांद्यावर माकडांसाठी गोफण.
नेपाळी प्रत मी मोठ्या ऐटीत पुढे केली.
त्याने चाळली, पुसली, परत ठेवली.
"ही शाळेची भाषा," म्हणाला.
"आई थारूत रागवायची."
मी यादी काढली. जुनी आहे, घडीवर फाटलेली.
त, थ, द. पुन्हा त, थ, द.
थ-खाली काहीच नव्हतं.

मला तोंड वर करून बघवेना.
कारण मी स्वतः
देवळात प्रमाण मराठी घालून उभा राहतो,
इस्त्रीच्या शर्टासारखी,
आणि नातू तापाने फणफणला त्या रात्री
खाटेशी गुडघे टेकून जे बोललो
त्याचं शुद्धलेखन एकाही छापखान्याला ठाऊक नाही:
"देवा, माज्या पोराक सांभाळ मरे."
ऐकलं असेल त्याने. पोर सकाळी पेज मागत उठलं.

मी खोक्याचा पुठ्ठा फाडला.
पेन्सिल कानामागेच होती.
विचारलं, भाकरीला काय म्हणता?
त्याने सांगितलं. मी लिहिलं.
त्याने वाचलं आणि इतका हसला
की शेजारची कोंबडी उडाली.
खोडलं, पुन्हा लिहिलं. पाणी. वाट.
मेंढराशी आम्ही दोघेही अडलो,
शेवटी त्याच्याकडची बकरी चालवून घेतली.
ऊन कलत होतं, बंदरावर होड्या लागत होत्या.

"आणि जाळं?" मी विचारलं.
त्याने गोफण खाली ठेवली,
मांडी घातली,
आणि नदीकाठच्या माणसासारखा माझ्याकडे पाहत म्हणाला,
"कुठलं?"

पुठ्ठ्यावर जागा थोडीच उरली होती.
मी दुसरी बाजू घेतली.