रोज चार मिनिटं आधी

तारा ताणायच्या, गंज खरवडायचा,
जाळीत अडकलेली पानं काढायची.
माझं काम एवढंच.
किसोच्या डोंगरात उताराला टेकून पडलेली ही अँटेना
पूर्वेला वळत नाही, पश्चिमेला वळत नाही.
आकाशच तिच्यावरून सरकतं
आणि ठरल्या वेळी एक क्वेसार माथ्यावर येतो,
सुईच्या टोकाहून बारीक,
आपण कुणीही नव्हतो तेव्हा निघालेला.

तो लुकलुकतो.
त्यात त्याचा दोष नाही.
मधे सूर्याचा वारा वाहत असतो,
विरळ, गुठळ्या-गुठळ्यांचा;
आवाज नाही, गवताचं पातं हलवायची ताकद नाही.
त्या गुठळ्यांची नक्षी मात्र जमिनीवरून पळते,
आधी फुजीच्या पायथ्याच्या केंद्रावरून, मग आमच्यावरून.
मधलं अंतर एकशेवीस किलोमीटर,
मधला वेळ पापणी लवेल इतका.
भागाकार केला की वेग.

जुलैच्या शेवटी नोंदीवर काटे उगवले.
सेकंदाला एक. टक. टक. टक.
इतकं वक्तशीर वागणं क्वेसारला जमत नाही.
तीन दिवस मी एकेक जोड तपासला.
चौथ्या दिवशी उतार उतरून गेलो, तर
फुसानो-सानच्या नुकत्याच पेरलेल्या कुट्टूभोवती
नवी कोरी तार, रानडुकरांसाठी
झटका-मशीन.

म्हटलं, रोज पंधरा मिनिटं बंद ठेवाल?
"कधी?"
आज दहाला. उद्या नऊ छप्पन्नला.
परवा नऊ बावन्न.
तिनं मातीचे हात झटकले.
"कुरामोतो-सान, घड्याळ बिघडलंय का तुमचं?"
घड्याळ ठीक आहे, आकाशच रोज
चार मिनिटं लवकर उठतं.
"वय झालं असेल," ती म्हणाली,
आणि बटण बंद केलं.

ऑगस्टभर कुरकुर नव्हती.
भर उन्हात डुक्कर कशाला येतंय?
पण चार-चार करत वेळ पहाटेकडे घसरली
आणि शेत फुलांनी पांढरं झालं तेव्हा
साडेसहावर आली होती.
डुकरानंही हिशेब जुळवला.
तार मुकी झाली की ते यायचं,
एक ओळ उलथायचं, पोरं मागे.

"पातेलं वाजवलेलं चालेल का तुमच्या त्या दिव्याला?"
चालेल.
तेव्हापासून मी वर नोंद घ्यायचो
आणि खालून धुक्यातून
डाव आणि पातेलं.
रेडिओला त्यातलं काही ऐकू यायचं नाही.
मला यायचं.

एकदा तिनं विचारलं, माझा कुट्टू जातो,
त्या बदल्यात तुम्हाला काय मिळतं?
सांगितलं: आज चारशे दहा. सेकंदाला, किलोमीटर.
"आणि जातो कुठे हा वारा?"
आपल्या दिशेनं सुटलेला चार दिवसांत पोचतो. मग पुढे.
ती बराच वेळ सूर्याच्या बाजूला बघत राहिली,
हाताची झापड करून,
पाहुणा येणार म्हणून रस्त्याकडे बघावं तशी.

तेवीस सप्टेंबर, सहा सोळा.
क्वेसार असा फडफडला की मला वाटलं तार तुटली.
तुटली नव्हती.
सातशे ऐंशी.
पापणी अर्धीही लवायच्या आत
फुजीवरची नक्षी आमच्यावर होती.
मी खाली धावत गेलो, कुणाला तरी सांगायचं म्हणून;
ती पातेलं हातात धरून बांधावर उभी होती,
वाजवत नव्हती.

ऑक्टोबरात क्वेसार सूर्यापासून फार लांब गेला,
लुकलुकणं विझलं.
सांगायला गेलो: कुंपण आता दिवसभर चालू ठेवा,
बर्फ पडला की आम्हीही वसंतापर्यंत बंद.
तिनं पिठाची एक पिशवी दिली, वजनाला हलकी,
आणि सहकारी सोसायटीचं कॅलेंडर दाखवलं.
रोजच्या चौकोनात पेन्सिलीनं वेळ, चार मिनिटं आधीची,
खाली डुकरानं खाल्लेल्या ओळी.
दोन. एक. तीन. दीड.

तेवीसच्या चौकोनात:
सहा सोळा. आलं नाही.

माझ्या अहवालात वेगाच्या रकान्याशेजारी
शेरा लिहायला जागा असते.
पेन टेकवून बसलो होतो थोडा वेळ.
मग लिहिलं,
तारा तपासल्या, सर्व ठीक.