पंचवीस इंच

माझ्या खुर्चीची रुंदी पंचवीस इंच.
नळ स्टॉपच्या पुढे फुटपाथवर लोखंडी खांब रोवलेत,
दुचाक्या चढू नयेत म्हणून,
त्यांच्यातलं अंतर चोवीस.
दुचाक्या चढतातच.
मी नाही.

पिशवीत शिंप्याची टेप असते,
पिवळी, पुसट आकड्यांची. आईची.
ती ब्लाउज बेतायची,
मी रस्ता बेतते.

निघायचं साडेदहाला. शाळांच्या व्हॅन गेल्यावर,
ऊन डोक्यावर यायच्या आत.
बॅटरीचे पाचही दिवे हिरवे असताना.
चारावर निघू नये, हे मी गेल्या मार्गशीर्षात शिकले
म्हात्रे पुलाच्या चढावर.
लाल दिवा मिचकावत विझला
आणि मी नदी बघत बसले,
जणू त्याचसाठी आले होते.
दोन माणसं धावली, मग चार.
खुर्ची हलेना. एकशे दहा किलो, वर मी.
मागे चाकांपाशी दोन खटके असतात,
ते मोकळे केल्याशिवाय ती कोणाचं ऐकत नाही.
हे सांगेपर्यंत
एकाने हाताची उशी उपटून माझ्या मांडीवर ठेवली,
अगदी अदबीने.

मुकुंद फोनवर म्हणाला, एकटी कशाला जातेस,
मी शनिवारी येतोच ना.
चांगला आहे तो. पण
सोमवार ते शुक्रवार मी कोण असायचं?

फुटपाथचा स्वतःचा उतार फारसा नसतो.
सोसायट्यांच्या गेटचा असतो, गाड्यांसाठी केलेला,
तो आपला म्हणायचा.
तिरकं चढायचं नाही. सरळ, तोंडासमोर, वेग दोनवर,
श्वास धरून नाही, सोडत.
पेव्हर ब्लॉक डुगडुगला तर दांडीवरचं बोट उचलायचं,
घाबरून दाबायचं नाही.
रस्त्यावर उतरावंच लागलं
तर उभ्या रिक्षांच्या रांगेपासून हातभर दूर,
कारण रिक्षा आरशात बघून निघत नाही,
मनात आलं की निघते.

पाठीमागे गळाच्या काठीवर नारिंगी फडकं लावलंय.
कर्वे रस्त्यावर एकाने विचारलं, कुठल्या पक्षाचं?
म्हटलं, डंपरवाल्याला दिसावं,
एवढ्याच पक्षाचं.

लोणकरांच्या दुकानाला तीन पायऱ्या.
मी खाली थांबून हॉर्न देते,
तो पोरगा, इरफान, उतरून येतो, सुटे पैसे घेऊनच.
आज हिंग.
घरात हिंगाच्या तीन डब्या आहेत,
हे मुकुंदला सांगायची गरज नाही.

परतताना बघितलं,
रात्री कुठल्याशा टेंपोने तिसरा खांब वाकवलाय.
मी थांबले. टेप काढली.
एका मुलीला म्हटलं, हे टोक धर जरा.
तिने कानातलं एक बोंडूक काढून धरलं.
सव्वीस.
अर्धा इंच इकडे, अर्धा तिकडे.
वेग एक. मागे कोणी हॉर्न वाजवत होतं,
वाजवू दे.
डावं चाक खांबाला चाटून गेलं, रंगाचा एक पोपडा निघाला,
आणि मी पलीकडे.

पलीकडे काही नव्हतं तसं.
काशीदाचं झाड, पिवळी फुलं चिरडलेली,
चष्म्याचं दुकान,
चपला शिवणारे एक म्हातारे, तोंडात दोरा.
सात वर्षं मी हे सगळं
रस्त्यावरून, उभ्या गाड्यांच्या फटीतून बघितलंय.
त्यांनी वर न बघता
आपली पेटी भिंतीकडे सरकवली,
जशी ते कोणासाठीही सरकवत असतील.

पुढे पुन्हा खांब. हे सरळ, ताठ.
खुर्ची वळवायला एक्केचाळीस इंच लागतात.
मी टेप काढली,
म्हाताऱ्यांना म्हटलं, काका, हे टोक.