एकावन्न-पन्नास

भुसावळला रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मागं,
जिथं आता स्कूटरी लावतात,
तिथं वाकून पाहिलंत तर सिमेंटवर
अजून सापडते एक पिवळी रेघ, हातभर.
फ्री थ्रोची.

मी खेळलो नाही कधी. मी पाटी धरायचो.
खडू, ओलं फडकं,
दर बास्केटला नवा आकडा.

खेळाडू म्हणूनच भरती झालेली सगळी,
तरी डेन्झिल रॉड्रिक्सचं फायरमनचं काम सुटलं नव्हतं.
त्याचा हुक पाहताना कळायचं:
आधी खांदा खाली, मग कमरेतून वळण,
मग हात वर. कोळशाचं फावडंच ते,
फक्त भट्टी दहा फुटांवर टांगलेली.

भंगाळे टी.सी. तिकडं बघून इकडं पास द्यायचा.
विनातिकीट माणूसही त्याला असाच दिसायचा म्हणे,
पाठीतून.

आणि पालकडचा सरदार तडवी, गँगमन.
तो उडाला की आम्ही श्वास धरायचो,
आमचा श्वास संपायचा, तो वरच.
विचारलं एकदा, कसं जमतं रे भो?
"वर काहीच नसतं," म्हणाला,
"उतरायचं तेवढं लांबवतो मी."

नातू मोबाइलवर अमेरिकेतले दाखवतो.
चांगले आहेत. बूट तर काय एकेकाचे!
पण त्यांच्या फायनलला कॉलबॉय येतो का?

आमच्या आला होता. जबलपूरविरुद्ध,
मे महिना, सातलाही सिमेंट चटके देतंय,
चार मिनिटं बाकी, आणि हा वही घेऊन थेट कोर्टात.
मालगाडीचा फायरमन आजारी पडला होता.
डेन्झिलनं सही केली. घामानं शाई फुटली.
बूट काढून गळ्यात अडकवले
आणि निघाला यार्डाकडं, अनवाणी.

शिट्टी झाली, मॅच संपली,
आणि कुंपणापलीकडून इंजिन आलं, हळूहळू,
खंडव्याच्या रुळावर.
तो दांडीला धरून अर्धा बाहेर,
भुवया उडवून विचारत.
मी खुर्चीवर चढलो, पाटी डोक्यावर धरली.
एकावन्न-पन्नास.
घाईत त्या दिवशी नावं लिहायची राहिली होती,
आपले कोणते, त्यांचे कोणते.

मध्ये वाफ आली.
वाफेतून एक मूठ वर झाली, काळीकुट्ट.
त्याला वाटलं, जिंकलो.

मी पाटी खाली घेतली नाही
गार्डच्या डब्याचा लाल दिवा
दिसेनासा होईपर्यंत.