पत्र्याची शून्यं

तिबिलिसीहून एक मुलगा आला, विद्यापीठातला,
आईच्या वह्यांचे फोटो काढायला.
लिऱ्याचा लारीतला भाव, रोजचा, अठ्ठावीस वर्षांचा.
बँकेकडं आहे तो बँकेचा, म्हणाला,
मला रस्त्यावरचा हवाय.

अकरा वह्या. एकीला अजून मंदारीनच्या सालीचा वास.

बातुमीच्या बाजारामागं ठेला होता तिचा.
दाराशी फळी, फळीला खिळे,
खिळ्यांवर पत्र्याचे आकडे, बाबांनी रंगवलेले,
म्हणून सगळे सात डावीकडं कललेले.
तेव्हा एका लारीला सहा लाख लिरा, सात लाख लिरा.
शून्यं पुरत नसत.
बाबा रात्री तेलाचे डबे कापत बसायचे,
आणि सकाळी तरीही एखादं कमी पडलं
की मी शेजारच्या ठेल्यावरून आणायची,
फ्रॉकच्या ओच्यात, उसनं शून्य.

मग एका नववर्षाला
पलीकडच्या सरकारनं सहा शून्यं पुसून टाकली.
एका रात्रीत लिरा लारीहून मोठा.
आईनं उरलेली शून्यं चहाच्या ग्लासांखाली ठेवली.

वहीत आकड्यापुढं ती थोडं काहीबाही लिही.
१.१९. धुकं. नाका दुपारी उघडला.
१.३५. रिदवान, होपाचा. ट्रकचा पट्टा तुटला. शंभर दिले. येतो म्हणाला.
दोघं लाझमध्ये बोलायची.
गाव एकच होतं त्यांच्या आज्यांचं, मधून तार गेली.
त्या भाषेसाठी फळीवर खिळा नव्हता.

रिदवान आला नाही.
भाव मात्र उतरत राहिला.
०.८७ ला एक शून्य ग्लासाखालून काढावं लागलं,
त्याच्यावर चहाचं कडं उमटलेलं; तसंच टांगलं.
शून्यं आधी आकड्याच्या मागून यायची,
आता पुढून यायला लागली.

०.३९, ऑगस्ट.
रिझेच्या मळ्यांतून चहा खुडून बायका परतायच्या,
बोटं काळी-हिरवी, पाकिटं जाडजूड.
मी मोजून लारी हातावर ठेवल्या
की माझ्या तोंडाकडं बघत राहायच्या,
जणू मधल्यामधे मीच काही काढून घेतलं.
मी पुन्हा मोजायची. तेवढेच.
तिसऱ्यांदा मोजा असं कुणी म्हणायचं नाही.

सोळा वर्षांनी आला तो. दाढी पांढरी, हातात टोपी.
०.०९, दुसरं शून्य नुकतंच फळीवर गेलेलं.
पंधरा नोटा मांडल्या त्यानं, शंभराच्या.
आईनं एक उचलली, चौदा सरकवल्या.
शंभर दिले होते, शंभर घेणार.
हे तेव्हाचे शंभर नव्हेत, तो म्हणाला.
मग तेव्हाचा तू तरी कुठायस? आई म्हणाली.
घासाघीस चालली. मी आयुष्यात पाहिलेली उलटी एकच:
देणारा वाढवत होता, घेणारी पाडत होती.
तो रडवेला झाला खरं तर.
सोळा वर्षं कुठं होता, ते तिनं विचारलं नाही.

मग ती उठली, काठीनं दोन्ही शून्यं उतरवली,
आणि टांगलं: १.३५.
चहा संपेपर्यंत.
शेजारचे हसले. एक प्रवासी
लिऱ्यांची गड्डी घेऊन रस्ता ओलांडून धावत आला,
त्याला म्हणाली, बंद आहे.
ती एक नोट गल्ल्यात टाकली, आणि वहीत लिहिलं
तेच, १.३५, तारखेसकट. पुढं काहीच नाही.

मुलगा त्या पानावर थांबला.
इथं चूक आहे, म्हणाला, आलेख एकदम वर जातो,
एकच दिवस, मग पुन्हा खाली. काढून टाकू?

मी म्हटलं, आई आकड्यात चुकत नसे.
त्यानं पेन्सिलीनं बारीक चौकट केली,
तिच्याशेजारी प्रश्नचिन्ह.
त्याचा चहा निवत होता, पत्र्याच्या शून्यावर.